धावपट्टी मोकळी आहे, असं सांगितलं कुणी?

विमान अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आकाश येतं. पण काही भयंकर अपघात विमान जमिनीवर असताना झालेत, आणि आडवी आली ती विमानतळाचीच गाडी.

11 ऑक्टोबर 1984. सोव्हिएत संघातलं ओम्स्क शहर. पहाटेची वेळ, पाऊस. धावपट्टी वाळवायला गाड्या आत न्यायची परवानगी एका तरुण नियंत्रकानं दिली. 'धावपट्टीवर काम चालू आहे' हा दिवा लावायचा राहिला आणि त्याला झोप लागली. घरी दोन लहान मुलं, कित्येक रात्रींचं जागरण. गाड्यांच्या टपावरचे दिवेही बंद होते. टीयू-154 विमान उतरायला आलं. वैमानिकांनी धावपट्टीबद्दल विचारलंही होतं. इशाऱ्याचा दिवा बंद, म्हणजे मोकळी असणार, असं गृहीत धरलं गेलं. विमान इंधन भरलेल्या गाड्यांवर आदळलं. 178 माणसं गेली, त्यातली 4 खाली काम करणारी. नियंत्रकाला 15 वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारनं हा अपघात वर्षानुवर्षं दडवून ठेवला.

झोपलेला माणूस सापडला की चौकशी संपते, हे मला खटकतं. एका माणसाच्या डोळ्यावर शेकडो जीव टांगून ठेवणारी व्यवस्था कुणाची होती?

बरं, लिमात तर कुणी झोपलेलं नव्हतं. 18 नोव्हेंबर 2022, भर दुपार. अग्निशमन दलाचा सराव सुरू होता, म्हणजे जीव वाचवायचाच सराव! त्यातली गाडी थेट उड्डाण घेणाऱ्या विमानासमोर आली. विमानातले सगळे वाचले. गाडीतले दोन जवान तिथंच गेले, तिसरा काही महिन्यांनी. सरावाचं नियोजन एकत्र बसून झालेलं नव्हतं आणि रेडिओवर ठरलेली वाक्यं वापरली गेली नव्हती, असं तपासात निघालं.

आणि आपलं पुणं? 15 फेब्रुवारी 2020 ला लोहगावहून दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानापुढे धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला. वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. वैमानिकानं विमान आधीच उचललं, मागची बाजू घासली, पण विमान दिल्लीला सुखरूप उतरलं. मोठी बातमी व्हायची टळली, म्हणून आपण विसरून गेलो.

उपाय माहीत आहेत. मिळालेली सूचना चालकानं शब्दशः परत म्हणून दाखवायची. धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची ओळ, ती विझल्याशिवाय पुढं जायचं नाही. गाडीत असं यंत्र, की ती टॉवरच्या पडद्यावर दिसेल. थोडक्यात, एक माणूस चुकला तरी दुसरं कुलूप लागलेलं पाहिजे.

कोल्हापूर, शिर्डी, सिंधुदुर्ग... आपल्या छोट्या गावांतही आता विमानं उतरतात. चर्चा होते ती टर्मिनल किती देखणं आणि उद्घाटनाला कोण येणार याची. पुढच्या वेळी लोकप्रतिनिधी भेटले तर एवढंच विचारा : साहेब, धावपट्टीवर जाणाऱ्या गाडीला दुसरं कुलूप आहे का?