कोळसा निघाला, जमिनीचे काय?

अंबडच्या कारखान्यांत यंत्रे फिरतात ती विजेवर, आणि शेजारच्या एकलहऱ्यास वीज होते ती कोळशावर. त्यासाठी विदर्भातली भूमी खोदली जाते. तेव्हा त्या भूमीचा इतिहास नाशिककरांना परका म्हणता येणार नाही.

वर्धेच्या खोऱ्यातील कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना. तो उकरण्याचा आपला उद्योग मात्र अवघा दीडशे वर्षांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरोऱ्यास सरकारी खाण सुरू झाली व १९०६ मध्ये ती बंद पडली. ती खाण भुयारी. कोळशाचेच खांब राखून छत तोलायचे. खांब खचले की वरची जमीन बसे. ती पूर्ववत करून देण्याची चाल त्या काळी नव्हती.

१९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपुरास वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली, आणि पुढे खुल्या खाणी वाढल्या. खुल्या खाणीत जमीन पोखरत नाहीत, सोलतात. आधी झाडे जातात, मग काळी माती निघते, मग सुरुंगांनी खडक फोडून त्याचे डोंगर रचतात. कोळसा सर्वांत शेवटी. मेख आहे ती या क्रमात. काळी माती निराळी राखली, तर ढिगाऱ्यावर पुन्हा पसरता येते. दगडगोट्यांत मिसळली, की हातची गेली; बोटभर माती घडायला शतके लागतात. म्हणून जमिनीची दुरुस्ती खाण संपल्यावर नव्हे, पहिल्या फावड्यापासूनच सुरू व्हावी लागते.

माती गमावलेल्या ढिगाऱ्याचे काय करावे? नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चंद्रपूरजवळ पद्मापूर येथे १० हेक्टरांवर प्रयोग केला. सांडपाण्याच्या शुद्धीकरणातून उरलेला गाळ, उपयुक्त जिवाणू आणि मुळांना साथ देणारी बुरशी घालून त्यांनी तेथे झाडे वाढविली. परंतु ढिगाऱ्यावर झाडी उभी राहणे निराळे, आणि कापसा-तुरीचे शेत परत मिळणे निराळे. शिवाय शेवटचा खड्डा पुष्कळदा भरत नाही. त्यात पाणी साचून राहते.

२००९ मध्ये केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने दंडक घातला, की खाण मिटविण्याचा खर्च ती चालू असतानाच राखून ठेवावा; खुल्या खाणीस हेक्टरी ६ लाख रुपये. पैसा असा राखता येतो. पण माती राखली की नाही, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही. ते बांधावर जाऊनच पाहावे लागते.

अंबडची शेतेही कारखान्यांखाली गेली आहेत. गेलेली जमीन म्हणजे काय, हे येथल्या माणसास कोणी सांगावयास नको. म्हणूनच चंद्रपूरच्या शेतकऱ्याचा हा प्रश्न आपणही विचारला पाहिजे: कोळसा नेलात, माती कोठे ठेवलीत?