माझ्या डोळ्यातली माशी

परवा सकाळी पेपर वाचताना एक माशी सारखी आडवी येत होती. दोनदा हाकलली. बायको म्हणाली, "अहो, कुठाय माशी?" तेव्हा कळलं की माशी घरात नाही, माझ्या उजव्या डोळ्यात आहे. (वय ५८. चालायचंच.)

ही माशी फार जुनी आहे मंडळी! सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिमिर नावाच्या नेत्ररोगाचं वर्णन आहे. त्यातल्या रोग्याला माश्या, डास, केस, जाळी असलं काय काय दिसतं. युरोपातल्या वैद्यांनी लॅटिनमध्ये नाव ठेवलं, त्याचाही अर्थ 'उडत्या माश्या'च.

पण असतं काय ते? डोळ्याच्या पोकळीत साधारण ४ मिलिलिटर जेली असते, बहुतेक सगळं पाणीच. वयानुसार ती पातळ होते, आतले बारीक तंतू गोळा होतात आणि त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. डोळा फिरला की तीही फिरते, म्हणून धरायला जावं तर पळते. पुढे जेली आक्रसून पडद्यापासून सुटते. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. क्वचित सुटताना ती पडदा फाडते, आणि त्या फटीतून पाणी मागे शिरून पडदा निखळतो.

मी घाबरलो ते यामुळेच. आमच्या आजोबांना १९६१ च्या पावसाळ्यात आधी काळे ठिपके दिसू लागले, मग एका बाजूने काळोख चढत आला. सगळे म्हणाले, नंबर वाढला असेल, दिवाळीत सांगलीला जाऊ. दिवाळीपर्यंत तो डोळा गेला होता.

मला चुटपुट लागते ती पुढचं वाचल्यावर. १८५१ साली हेल्महोल्ट्झने जिवंत डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण जगापुढे आणलं. निखळलेला पडदा दिसू लागला, पण इलाज काय, तर रोग्याला आठवडेच्या आठवडे उताणं निजवून ठेवायचं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावच्या ज्यूल गोनँ या डॉक्टरने हट्टाने सांगितलं की खरं दुखणं ती फट आहे, ती बुजवा. तो ती नेमकी हुडकून डाग देऊन बंद करी. (डोळ्याला डागणी! वाचूनच अंगावर काटा येतो.) वर्षानुवर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९२९ च्या अ‍ॅमस्टरडॅमच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्याचं म्हणणं मान्य झालं. म्हणजे आजोबांच्या आधी ३२ वर्षं. अर्थात सांगलीत तेव्हा हे होत असे का, कोण जाणे. पण आम्ही दारापर्यंत तरी गेलो असतो.

असो. मी दिवाळीची वाट पाहिली नाही, त्याच दुपारी गेलो. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बाहुली मोठी केली, बराच वेळ पाहिलं. "पडदा शाबूत आहे काका. पण विजा चमकल्या, ठिपके एकदम वाढले किंवा बाजूने काळोख आला, तर त्याच दिवशी यायचं."

परतताना थेंबांमुळे रिक्षाच्या मीटरवरचे आकडेही दिसेनात. माशी मात्र अगदी स्पष्ट दिसत होती.