गोधडीवर नाव कोणाचे?

पुणे–नाशिक महामार्गाने मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली, की चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. खेड तालुक्यातील हे गाव आता वाहनउद्योगाच्या पट्ट्यात आले आहे. इथल्या शेडमधून बाहेर पडणाऱ्या सुट्या भागांच्या खोक्यांवर चिठ्ठी असते: भागाचा क्रमांक, बॅचचा क्रमांक, तारीख, बारकोड. उद्या एखादा भाग सदोष निघाला, तर तो कोणत्या दिवशी, कोणत्या घाण्यात तयार झाला, हे शोधता यावे म्हणून.

अशाच एखाद्या गावातल्या जुन्या घरात गोधडी उलगडली, तर तिच्यावर यांपैकी काहीच सापडत नाही. कोणी शिवली, कधी शिवली, कोणासाठी शिवली? घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारावे, तर ती सांगते. ती नसेल, तर गोधडी मुकी.

मराठी घराला नाव कोरण्याचे वावडे होते म्हणावे, तर तसेही नाही. उलट, नाव घातल्याशिवाय भांडे घरात येत नसे. पितळी पातेले असो वा स्टीलचा डबा, दुकानदार विचारणारच, ‘नाव काय घालायचे?’ मग घरधन्याची आद्याक्षरे, आडनाव, तारीख आणि भेट असेल तर देणाऱ्याचे नाव काठावर कोरले जाई. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाची तारीख अनेक घरांत आजही तांब्यावर वाचता येते. त्याच लग्नानंतर जन्मलेल्या बाळासाठी आजीने शिवलेल्या दुपट्यावर मात्र अक्षरही नसते.

कापडावर खूण करण्याची कल्पना आपल्याकडे नवी आहे, असेही नाही. तिचा उगम सांगणारी एक कथा बौद्ध विनयपिटकात आहे, आणि ती तुकडे जोडून शिवलेल्या वस्त्राचीच आहे. भिक्षूंचे चीवर अखंड कापडाचे नसे. मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला तशा रचनेचे चीवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून ते सिद्ध केले, असे महावग्गात सांगितले आहे. पुढे एकदा साकेतहून श्रावस्तीला निघालेल्या भिक्षूंना आणि परिव्राजकांना वाटेत चोरांनी लुटले. राजाच्या माणसांनी चोर पकडले, वस्त्रे परत मिळवली आणि भिक्षूंना निरोप धाडला, ‘आपापली चीवरे ओळखून न्या.’ भिक्षूंना ती ओळखता येईनात. सगळी चीवरे सारखीच! तेव्हा नियम झाला, की नवे चीवर मिळाले की त्यावर निळ्या, चिखलाच्या किंवा काळपट रंगाची खूण करावी.

या नियमात एक बारकावा आहे. खूण कोणाची? शिवणाऱ्याची नव्हे, वापरणाऱ्याची. पुढील दोन हजार वर्षे कापडावरील खुणांचा इतिहास बहुतांशी याच वाटेने गेला.

नाशिकच्या लेण्यांत याचा सज्जड पुरावा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील लेखात आपले दान नोंदवले आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहण्यासारखा आहे: २००० वर वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे दोनशे चाळीस. पैशापैशाची नोंद शिळेवर आहे, दात्याचे नाव आहे, विणकरांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. एकाही विणकराचे नाव नाही.

अपवाद पुणे जिल्ह्यातच सापडतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाखांबावर दात्यांची नावे आहेत, पण दर्शनी भागातील एका लेखात धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, याने द्वार घडवल्याची नोंद आहे. एका कारागिराने स्वतःच्या हातच्या कामाखाली घातलेले नाव! ते टिकले, कारण काम दगडात होते. सुती कापडाला हे भाग्य लाभत नाही. ते कुजते, विरते, आणि मग त्याचीच गोधडी होते.

पण शाईचे काय? कापडावर लिहायला न पुसणारी शाई तरी होती का? होती, आणि ती महाराष्ट्राच्या रानात झाडावर लागत असे. बिब्बा! बिब्ब्याच्या फळाच्या सालीत दाहक, तेलकट रस असतो. सुती कापडावर तो लावून चुना फासला, की काळा डाग बसतो, आणि तो कितीही धुवा, जात नाही. परीट घरोघरचे कपडे ओळखण्यासाठी हीच शाई वापरत. दोन ठिपके आणि एक रेघ म्हणजे अमुक वाडा, फुली म्हणजे तमुक घर. ही लिपी ज्याची त्यालाच ठाऊक. कपड्याच्या मालकालाही तिचा अर्थ माहीत नसे. इंग्रजांनी या फळाला ‘मार्किंग नट’ म्हटले. वनस्पतिशास्त्रातील सेमेकार्पस या त्याच्या नावाचा अर्थही ‘खुणेचे फळ’ असाच होतो. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना परिटाच्या खुणेच्या जागी पुरळ उठू लागले, तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांनाही बिब्ब्याची दखल घ्यावी लागली. मराठी माणसाला ‘बिब्बा घालणे’ याचा अर्थ कोणी वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

शाई होती, खूण करण्याची रीत होती. तरीही ती खूण पुन्हा मालकाचीच.

एकोणिसाव्या शतकात गिरणीचे कापड आले आणि चिठ्ठ्यांचा पूर लोटला. मँचेस्टरहून येणाऱ्या थानांवर रंगीत शिळाछापाची चित्रे चिकटवलेली असत: देवदेवता, हत्ती, वाघ, राजेरजवाडे. गिऱ्हाईक बहुधा निरक्षर, ते चित्रावरून माल ओळखणार. म्हणून चित्र हाच व्यापाऱ्याचा शब्द. ‘अमुक छाप’ ही मराठीतील बोलण्याची पद्धत याच व्यवहारात घट्ट झाली. पुढे राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीही या चिठ्ठ्यांवर अवतरल्या. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि शतकाच्या अखेरीस लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला. मळवली म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांचे रेल्वे स्थानक. सामी सुताराने जिथे नाव कोरले, त्या डोंगराच्या परिसरातच छापील चित्रांचा हा कारखाना उभा राहिला, हा योगायोग गमतीचा आहे.

चिठ्ठीमागे कायदाही होता. १८८९ च्या भारतीय मर्चंडाइज मार्क्स कायद्याने खोट्या व्यापारचिन्हाला शिक्षा ठरवली आणि कारखान्यातून विक्रीस निघणाऱ्या थानावर त्याची लांबी वारांत छापणे बंधनकारक केले. म्हणजे थान किती वार, माल कोणाचा, छाप कोणती, सगळे लिखित. मग तेच कापड लुगडे होऊन घरी येई, दहा वर्षे अंगावर झिजे, आणि त्याची गोधडी व्हायला घेतली, की लिखित इतिहास तिथे संपे.

आता गोधडीकडे. जुनी नऊवारी लुगडी, धोतरे, सदरे उसवून, धुऊन अंगणात अंथरायची. चार कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणायची. थरावर थर घालून आधी मोठे टाके टाकायचे. मग कडेकडेने धावदोरा घालत आत सरकत जायचे. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळही म्हणतात. विटलेल्या भागावर नवे ठिगळ, फाटली की तिच्यावरच आणखी एक थर. त्यामुळे कित्येक गोधड्यांना एक जन्मसाल नसतेच; आतल्या आणि वरच्या थरांत एका पिढीचे अंतर असू शकते.

घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुण्याची रीत अजूनही पाळली जाते. पूर्वी त्या नदीवर नेत. (इंद्रायणीचे पाणी आज आळंदीत फेसाळते, तो विषय निराळा.) साऱ्या गावाच्या गोधड्या काठावर वाळत पडलेल्या, आणि एकीचीही चूक होत नसे. साकेतच्या भिक्षूंना आपले चीवर ओळखता आले नाही, कारण सगळी एकसारखी होती. गोधडीला खुणेची गरज पडली नाही, कारण दुसरी तशी जगात नव्हती. हा सासूबाईंच्या लुगड्याचा काठ, ही मधली निळी पट्टी धाकट्या दिराच्या सदऱ्याची. ओळख पटवण्याची सारी सामग्री वस्त्रातच होती. मात्र वाचता येणारी एकच व्यक्ती होती.

यावर एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते: त्या बायकांना नावाची हाव नव्हती. ते अर्धवट आहे. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील हजार स्त्रियांमागे जेमतेम सहा-सात साक्षर आढळल्या. ज्यांना अक्षरच मिळाले नाही, त्यांच्या मौनाला विनय म्हणणे सोयीचे असते, एवढेच.

अक्षर मिळाले तिथे काय घडले, याचा दाखला बंगालात आहे. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातील एक कांथा आहे. मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने ती वडिलांसाठी शिवली आणि आपण ती स्वहस्ते केली, हे सुईनेच त्यावर लिहून ठेवले. कांथा ही गोधडीची सख्खी बहीण. जुनी वस्त्रे, धावदोरा, सारे तेच. त्या एका ओळीमुळे ती ‘बंगालमधील अज्ञात स्त्रीचे काम’ राहिली नाही.

अमेरिकेतील हॅरिएट पॉवर्सची कथा आणखी बोलकी आहे. १८३७ मध्ये जॉर्जिया राज्यात गुलामीत जन्मलेल्या या स्त्रीची बायबलमधील प्रसंगांची गोधडी १८८६ च्या सुमारास अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात मांडली गेली. जेनी स्मिथ या कलाशिक्षिकेने ती विकत मागितली, पण पॉवर्सने नकार दिला. काही वर्षांनी हलाखी आली, तेव्हा दहा डॉलर मागून अखेर पाच डॉलरला ती द्यावी लागली. देताना पॉवर्सने प्रत्येक चौकोनाचा अर्थ सांगितला आणि स्मिथने तो लिहून घेतला. ही गोधडी आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे, आणि तिच्याविषयी जे बोलता येते, त्यातील बरेचसे त्या टिपणामुळे.

आज गोधडी शहरी दुकानांत आणि ऑनलाइन विकली जाते, आणि तिला चिठ्ठी आली आहे. पण त्या चिठ्ठीवर बहुधा दुकानाचे नाव, किंमत आणि धुण्याच्या सूचना असतात. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि २००३ पासून लागू झाला. त्याखाली सोलापुरी चादर, बंगालची नक्षी कांथा, बिहारची सुजनी यांना संरक्षण मिळाले. ते मोलाचे आहे. मात्र असे निर्देशन प्रदेशाला नाव देते, शिवणाऱ्या हाताला नाही. उषवदाताच्या लेखात श्रेणी होती आणि विणकर नव्हता, तसेच हे.

घरच्या गोधडीसाठी चिठ्ठी करणे अवघड नाही. धुतलेल्या सुती कापडाचा तळहाताएवढा तुकडा, त्यावर पक्क्या सुती दोऱ्याने टाके घालून अक्षरे, किंवा कापडासाठीच्या न विरघळणाऱ्या शाईने लिहून वरून इस्त्री. साधी शाई टाळावी: लोहयुक्त जुन्या शाईने कापड अक्षराच्या आकारात कुजून भोके पडल्याची उदाहरणे आहेत. बिब्बा तर नकोच, हात उततात. चिठ्ठी मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, आणि शक्य तर थर जोडण्यापूर्वी लावावी, म्हणजे धावदोरा तिच्यातूनही जातो आणि गोधडी न उसवता ती काढता येत नाही.

खरी अडचण मजकुराची आहे. शिवणारीचे नाव लिहायचे, पण कोणते? मराठी लग्नात ताटातल्या तांदळांवर नवरा अंगठीने वधूचे नवे नाव लिहीत असे; त्या दिवसापासून माहेरचे नाव घरातून हद्दपार. सुई धरायला ती शिकली माहेरी, बहुधा आईकडून, जुन्या नावाने. म्हणून दोन्ही नावे लिहावीत, दोन्ही गावे लिहावीत. मग साल, कोणासाठी, आणि कोणता तुकडा कोणाच्या वस्त्राचा. हे शेवटचे सर्वांत आधी विसरले जाते.

कुरुळी–चाकणच्या पट्ट्यात आज मराठवाडा, विदर्भ, बिहार, बंगाल, ओडिशा येथून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. तिथल्या एकाच दोरीवर वाकळ, सुजनी आणि कांथा शेजारी शेजारी वाळत पडू शकतात. शिवणाऱ्या हातांपैकी काही गावी आहेत, फोनवर बोलता येण्याजोगे. जेनी स्मिथने विचारले होते तसे चौकोनाचौकोनावर बोट ठेवून विचारायला सुरुवात कुठूनही करता येते: हे लुगडे कोणाचे?