इंग्लंडांतील जुन्या चर्च-नोंदवह्या व एका घराण्याची वंशावळ

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या स्मारक-अंकांत नोंदवह्यांविषयीं चार शब्द लिहावे असें ठरविलें, याचें कारण इतकेंच कीं, आपल्या आजा-पणजांचीं नांवें शोधावयास येणाऱ्या मंडळींची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, जुनी वही उघडली म्हणजे घराण्याची वंशावळ आयती हातीं पडते. परंतु वही कोणीं लिहिली, कोणाच्या हुकुमानें लिहिली, आणि कोणाचीं नांवें तींत सांपडावयाचींच नाहींत, हें जाणल्यावांचून तिचा नीट अर्थ लागत नाहीं. इंग्लंड देशाच्या इतिहासांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. कारण ज्या राजसत्तेनें तेथें हीं पुस्तकें सुरू केलीं, तिनेंच पुढें पवित्र कॅथॉलिक धर्मसभेच्या लेकरांवर त्या पुस्तकांपासून तोंड लपविण्याची पाळी आणिली.

तेथील नोंदवह्यांचा आरंभ इ. स. १५३८ च्या सप्टेंबर महिन्यांत झाला. राजा आठवा हेन्री यानें पोप महाशयांशीं संबंध तोडून चार वर्षें झालीं होतीं, आणि त्याचा कारभारी थॉमस क्रॉमवेल हा मठ मोडण्याच्या कामांत गुंतला होता. त्यानेंच हुकूम काढिला कीं, प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूनें एक वही ठेवावी व दर रविवारीं चर्चच्या कारभाऱ्यासमक्ष मागील आठवड्यांतील बाप्तिस्मे, विवाह व दफनें तींत लिहावीं. वही दोन कुलुपांच्या पेटींत ठेवावयाची; एक किल्ली धर्मगुरूपाशीं, दुसरी कारभाऱ्यांपाशीं. कसूर झाल्यास दंड तीन शिलिंग चार पेन्स. लोकांस वाटलें कीं, हें सर्व नवा कर बसविण्यासाठींच आहे. हा संशय त्या वेळीं खोटा ठरला, तरी अगदीं निराधार म्हणतां यावयाचा नाहीं. कारण १६९५ पासून जन्म, विवाह व दफन यांवर खरोखरच कर बसला, आणि १७८३ सालीं नोंदीमागें तीन पेन्स घेण्याचा कायदा झाला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें विवाहाची नोंदवही सक्तीची केली ती ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं. तेथें हेतु निराळा होता. गुप्त विवाहांमुळें होणारा अनर्थ टाळावयाचा होता.

आतां एका घराण्याचें उदाहरण घेऊं. ज्याचीं नाटकें आगरकर व देवल यांनीं मराठी वेष देऊन आमच्यापुढें आणिलीं, त्या शेक्सपीअर कवीचें घराणें स्ट्रॅटफर्ड गांवचें. तेथील नोंदवही १५५८ पासूनची आहे; पण आज जी पाहावयास मिळते ती मूळ वही नव्हे. १५९८ सालीं असा हुकूम झाला कीं, जीर्ण कागदी वह्या चर्मपत्रावर उतरून घ्याव्या, विशेषतः राणी एलिझाबेथ गादीवर आल्यापासूनच्या. या 'विशेषतः' शब्दाचा आधार घेऊन पुष्कळांनीं त्यापूर्वींचीं पानें नकलण्याचे श्रम वांचविले. एका शब्दानें केवढी हानि केली पाहा! बहुतेक गांवीं वीस वर्षांच्या नोंदी अशा गेल्या. स्ट्रॅटफर्डची नक्कल १६०० सालची असून पानोपानीं व्हिकार रिचर्ड बायफील्ड याची सही आहे. म्हणजे कवीच्या बाप्तिस्म्याची ओळ बाप्तिस्मा देणाऱ्याच्या हातची नाहीं.

ती ओळ २६ एप्रिल १५६४ ची आहे. लॅटिनमध्यें लिहिण्याची चाल असल्यामुळें विल्यम हा तेथें 'गुलिएल्मुस' होतो, आणि आडनांवाचें लेखन आपल्या परिचयाचें नव्हे. जॉनचा पुत्र, एवढीच ओळख. आईचें नांव नाहीं. मेरी आर्डन हिनें आठ लेकरांस जन्म दिला, पण तिच्या एकाही लेकराच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत ती आढळत नाहीं. जन्मतारीखही नाहीं, २३ एप्रिल ही केवळ परंपरा होय. त्याच वर्षींच्या जुलै महिन्यांत, एका दफनाच्या नोंदीशेजारीं, येथून मरीस आरंभ झाला असें लॅटिन भाषेंत लिहिलें आहे. पुढील सहा महिन्यांत त्या लहानशा गांवांत सुमारें २०० माणसें मेलीं. अडीच महिन्यांचें तें बालक वांचलें. त्याच्या आधींची बहीण मार्गारेट मात्र २ डिसेंबर १५६२ रोजीं बाप्तिस्मा पावून ३० एप्रिल १५६३ रोजीं पुरलीही गेली होती.

शोधणाऱ्यास फसविणारी गोष्ट पुढें आहे. या घरांत जोन नांवाच्या दोन मुली नोंदल्या आहेत, एक १५ सप्टेंबर १५५८ ची व दुसरी १५ एप्रिल १५६९ ची. पहिलीच्या दफनाची नोंद नाहीं. पण तेंच नांव पुन्हां ठेविलें गेलें, त्यावरूनच ती वारली असें समजावयाचें. एक मूल गेलें म्हणजे त्याचें नांव पुढच्यास देण्याची रीत त्या देशीं होती, आणि ती लक्षांत न घेतल्यास दोन बहिणींची एक बाई होऊन बसते. थोरल्या जोनबद्दल आणखी एक सांगण्याजोगी गोष्ट अशी कीं, कॅथॉलिक राणी मेरी ही १७ नोव्हेंबर १५५८ पर्यंत जिवंत होती. म्हणजे या घरच्या पहिल्या लेकरास बाप्तिस्मा मिळाला तो आपल्याच विधीप्रमाणें.

सालांचा घोंटाळा निराळाच. इंग्लंडांत १७५१ पर्यंत नवें वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. कवीचीं जुळीं मुलें हॅम्नेट व ज्युडिथ यांचा बाप्तिस्मा आपल्या गणनेनें २ फेब्रुवारी १५८५ चा. वहींत तो १५८४ खालीं आहे. हें न समजून कित्येकांनीं आपल्या पूर्वजांस आईबापांच्या लग्नापूर्वीं जन्मास घातलें आहे! हॅम्नेटचें दफन ११ ऑगस्ट १५९६ चें. अकरा वर्षांचा एकुलता एक मुलगा. वहींत त्यास एकच ओळ मिळाली.

कवीच्या लग्नाची नोंद स्ट्रॅटफर्डच्या वहींत मुळींच नाहीं. ती शोधण्यास वूस्टरच्या बिशपच्या दफ्तरांत जावें लागतें. तेथें २७ नोव्हेंबर १५८२ च्या परवान्यांत वधूचें नांव ॲन व्हेटली असें आहे, आणि दुसऱ्याच दिवशींच्या ४० पौंडांच्या जामीनपत्रांत ॲन हॅथवे. या दोन नांवांवर तर्काचे मनोरे रचले गेले आहेत. मला विचाराल तर, कारकुनाचा हात चुकला यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. आगमनकाळांत लग्नाच्या चिठ्या वाचतां येत नसत, म्हणून घाई. आणि २६ मे १५८३ रोजीं थोरल्या सुझॅनाचा बाप्तिस्मा झाला, यावरून घाईचें दुसरें कारणही वाचकांस कळेल.

कवीचें दफन २५ एप्रिल १६१६ रोजीं झालें. ज्युडिथचे तिन्ही मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले; सुझॅनाची एकुलती मुलगी एलिझाबेथ १६७० सालीं निपुत्रिक वारली, आणि थेट वंश तेथें संपला. आज जे या घराण्याशीं रक्ताचें नातें सांगतात, ते धाकट्या जोनचे, म्हणजे हार्ट कुटुंबाचे.

या घराण्याचा धर्म कोणता, हा वाद जुना आहे. १५९२ सालीं, जे चर्चमध्यें येत नाहींत अशांच्या यादींत बाप जॉन याचें नांव आहे. पण कर्जापायीं पकडले जाण्याच्या भयानें येत नाहींत असें कारण तेथेंच लिहिलें आहे. १६०६ सालीं, ईस्टरला प्रसाद न घेतल्याबद्दल सुझॅनाचें नांव पुढें आलें. आमचे कांहीं कॅथॉलिक लेखक एवढ्यावर साऱ्या घरास आपलें म्हणूं पाहतात. इतक्या पुराव्यावर कोणासही आपल्या वेदीपुढें उभें करूं नये असें माझें मत आहे.

ज्यांच्याविषयीं शंका नाहीं अशीं कुटुंबें हजारों होतीं. १५८१ च्या कायद्यानें अँग्लिकन उपासनेस न जाणाऱ्यास महिन्यास २० पौंड दंड होता, आणि स्ट्रॅटफर्डच्या शाळामास्तराचा सबंध वर्षाचा पगार तेवढाच होता. १५८५ पासून, परदेशीं दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूनें इंग्लंडांत पाऊल ठेवणें हा राजद्रोह ठरला. १६०६ सालीं आणखी कायदा झाला कीं, महिन्याच्या आंत अँग्लिकन धर्मगुरूकडून मुलाचा बाप्तिस्मा न करविल्यास १०० पौंड दंड. अशा काळीं माळ्यावर लपून मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूनें बाप्तिस्म्याची वही ठेवावी कशी? ती सांपडती तर तींतील प्रत्येक नांव आरोपी झालें असतें. म्हणून त्या काळच्या कॅथॉलिक घराण्याच्या वंशजास पॅरिशच्या वहींत बापाचें दफन सांपडतें, क्वचित् नांवापुढें 'पोपपंथी' असा शेराही सांपडतो. परंतु मुलांचे बाप्तिस्मे सांपडत नाहींत. त्यानें हताश होऊं नये. १५९२ पासून सरकारनें दंड झालेल्यांच्या वेगळ्या गुंडाळ्या ठेविल्या, त्या पाहाव्या. चर्चच्या वहींत जें घर नाहीं तें पुष्कळदां दंडाच्या यादींत आहे, वर्षामागून वर्ष, बापानंतर मुलगा.

पुढें १७५४ पासून क्वेकर व यहुदी यांखेरीज सर्वांचे विवाह अँग्लिकन चर्चमध्येंच झाले पाहिजेत असा कायदा अमलांत आला. कॅथॉलिक वधूवर आपल्या धर्मगुरूपुढें विवाह करीत, आणि कायद्यासाठीं तेथें जाऊन सही करून येत. म्हणून त्या काळचे आपल्या लोकांचे विवाह परक्या वहींत बिनचूक मिळतात. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्ममृत्युनोंद सुरू झाली. त्यानंतर, चर्चच्या बाहेरच्या पंथांनीं आपल्या जुन्या वह्या सरकारांत जमा कराव्या अशी मागणी झाली. इतर पंथांनीं हजारों दिल्या. कॅथॉलिकांकडून, मुख्यतः उत्तरेकडील कांहीं ठिकाणांच्या सोडल्यास, आल्या नाहींत. संस्कारांच्या कामीं त्या रोज लागत. ज्या मुलांचे बाप्तिस्मे त्या पानांवर होते, त्यांचे विवाह अजून व्हावयाचे होते.