ताडीचा परवाना

घणसोलीसारख्या ठाणे खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांचा इतिहास चाळताना आम्हांस ताडीचा परवाना वारंवार आठवतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यान्वये ताडी काढण्यास सरकारी परवाना व झाडागणिक कर आवश्यक झाला. झाड शेतकऱ्याचे, परंतु त्याच्या रसावर हुकूम सरकारचा! स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तरी परवाना उरलाच. मिस्साच्या द्राक्षारसासाठीही त्यात स्वतंत्र मुभा ठेवावी लागली. पुढे २००८ च्या शासकीय आदेशाने गावातील वा प्रभागातील स्त्रियांना मतदानाने दारूचे दुकान बंद करविण्याचा मार्ग खुला झाला. ‘आडवी बाटली’ ही त्यांची निशाणी. परवान्यातून सरकार महसूल मोजते. त्याची किंमत मात्र घरातील माणसे मोजतात, हे आपण विसरता कामा नये.