ट्रकच्या रेडिएटरची गळती : शोध आणि डाग

मोटारीच्या पहिल्या काही वर्षांत पाण्याची गळती ही तक्रारच नव्हती, कारण पाणी उडून जाणे हाच इंजिन थंड ठेवण्याचा मार्ग होता. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत सिलिंडरभोवतीचे पाणी उकळे, त्याची वाफ निघून जाई आणि वाटेत मिळेल तिथून नवे पाणी ओतावे लागे. १८८८ मध्ये बर्था बेंझने दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा पाणी भरण्यासाठी तिला पुन्हापुन्हा थांबावे लागले. अशा गाडीचा एखादा सांधा पाझरत असला, तरी ते कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. तेच पाणी पुन्हापुन्हा फिरवायचे असे ठरले, तेव्हा गळती हा दोष ठरला.

हे फिरते पाणी थंड करण्याची परिणामकारक युक्ती विल्हेल्म मायबाखने १९०० मध्ये काढली. डाइमलर कारखान्याच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझ गाडीला त्याने मधुकोश पद्धतीचा रेडिएटर बसवला. त्यात ६ मिलिमीटर चौरस छेदाच्या ८,०७० आखूड नळ्या एकमेकींना लागून रचलेल्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांमधल्या चिंचोळ्या फटींतून पाणी. त्यामुळे थोडक्या पाण्यावर मोठे इंजिन थंड राहू लागले. पण प्रत्येक नळीची दोन्ही टोके कथील-शिशाच्या मिश्रणाने शेजारच्या नळ्यांशी जोडलेली होती. म्हणजे सोळा हजारांहून अधिक टोके, आणि त्यांतले कोणतेही एक उघडले की गळती सुरू. पुढच्या काळात पाण्याच्या उभ्या नळ्या आणि त्यांना जोडलेल्या पातळ पट्ट्या अशी सोपी रचना रूढ झाली. नळ्या पितळेच्या, पट्ट्या तांब्याच्या, वर एक टाकी आणि खाली एक. ट्रकवर हीच रचना बरीच दशके टिकली.

ट्रकचा रेडिएटर मोटारगाडीच्या रेडिएटरपेक्षा लवकर गळतो, आणि त्याचे कारण चासीत आहे. ट्रकची शिडीसारखी चासी खड्ड्यांत पिळवटते. तिने पिळवटावे अशीच तिची घडण असते. तिच्यावर घट्ट आवळून बसवलेला रेडिएटर हा पीळ सहन करू शकत नाही आणि टाकी व नळ्या यांच्यामधला डाग तडकतो. म्हणून ट्रक बनवणाऱ्यांनी रेडिएटर रबरावर किंवा स्प्रिंगांवर तोलायला सुरुवात केली. जड ट्रकांच्या टाक्या डागाने न जोडता नटबोल्ट आणि गॅस्केट यांनी बसवल्या जाऊ लागल्या, म्हणजे उघडून दुरुस्त करता याव्यात. अमेरिकेत १९१६ मध्ये आलेल्या मॅक एसी ट्रकचा रेडिएटर तर इंजिनाच्या मागे, चालकापुढच्या पडद्याशी होता. समोरून धडक बसली तरी तो वाचे. मात्र दुरुस्तीसाठी तिथवर पोचणे सोपे नव्हते.

सुरुवातीच्या अनेक गाड्यांत पाणी फिरवायला पंप नव्हता. फोर्डच्या मॉडेल टीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता. नंतर तो काढून टाकण्यात आला. १९१७ चा फोर्डचा टीटी ट्रकही पंपाविनाच चाले. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड झालेले खाली उतरते, एवढ्या तत्त्वावर पाणी फिरे. मात्र वरच्या टाकीतली पातळी इंजिनाकडून येणाऱ्या नळाच्या तोंडाखाली गेली की हा फेरा तुटतो. पाणी अजून बरेच शिल्लक असते, पण ते जागच्या जागी उकळू लागते. त्यामुळे अशा ट्रकमध्ये बारीक गळतीही घातक ठरे. पंप आल्यावर हा धोका कमी झाला आणि गळतीला नवी जागा मिळाली. पंपाचा दांडा बाहेर येतो तिथे ग्राफाइट लावलेली दोरी गुंडाळून ती नटाने आवळलेली असे. ती सैल झाली की पाणी ठिबके आणि फार आवळली की दांडा झिजे. पुढे घासत्या कार्बनच्या सीलने ही दोरी हद्दपार केली. त्या सीलच्या मागे पंपाच्या अंगाला मुद्दाम एक छिद्र ठेवलेले असते. त्यातून थेंब दिसला की सील गेले असे समजायचे. अडाणीपणाने ते छिद्रच बुजवले, तर पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दाबाचे झाकण सर्रास झाले आणि गळतीचा स्वभावच बदलला. बंद पाण्यावर दर चौरस इंचाला सात पौंडांचा दाब ठेवला की ते १०० ऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळते. इंजिनाला हे सोयीचे आहे, पण दाबाखालचे पाणी उभ्या इंजिनात कधीच न दिसणाऱ्या चिरेतूनही बाहेर पडते. ट्रक घाटात तापलेला असताना गळतो आणि गॅरेजात थंड झाल्यावर कोरडा दिसतो. याच्या उलट, रबरी होजची क्लिप सैल असेल तर पहाटेच्या गारव्यात पाणी ठिबकते आणि इंजिन तापून रबर फुगले की थांबते. थंड देशांत १९२० च्या दशकाच्या अखेरीस एथिलीन ग्लायकॉल पाण्यात मिसळण्याची पद्धत आली. साध्या पाण्याला न सापडणाऱ्या फटींतून हे मिश्रण वाट काढी. मात्र जाताना रंगीत ओघळ मागे ठेवी, तेवढीच शोधणाऱ्याला मदत.

मुंबईत ट्रक जोडण्याचे काम जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात १९२८ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो बाहेर पडू लागले. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीझ ट्रक रस्त्यावर आले. हे ट्रक प्रामुख्याने साध्या पाण्यावर चालत. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी जड. त्यातले क्षार नळ्यांच्या आत थर धरत. शिवाय चढ तीव्र. १८३० मध्ये खुला झालेला बोरघाटाचा रस्ता खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर चढतो, आणि मालाने भरलेला ट्रक तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वाऱ्याशिवाय, पंख्याच्या भरवशावर चढे. पाणी बघणे हे क्लीनरचे काम असे. समोर टांगलेली कॅनव्हासची छागल, पाण्याचा डबा आणि झाकण उघडताना हाताला गुंडाळायचे फडके ही त्याची हत्यारे. गरम रेडिएटरचे झाकण घाईने उघडून हात-तोंड भाजून घेणे हा या धंद्यातला नेहमीचा अपघात होता.

रस्त्यावरचे उपाय वेळ मारून नेण्यापुरतेच असत. चिरेत धुण्याचा साबण दाबून बसवणे हा एक. फुटलेली नळी दोन्ही टोकांना पकडीने चेपून कायमची बंद करणे हा दुसरा. एवढ्याने थंडावा थोडा कमी होई, पण गाडी मुक्कामी पोचे. सर्वांत प्रसिद्ध उपाय हळदीचा. मूठभर हळदपूड गरम पाण्यात सोडली की तिचे कण फुगतात, पाण्याच्या ओढीबरोबर छिद्राशी जमतात आणि बाहेरच्या हवेने तिथेच वाळून बूच बनतात. परदेशात हेच काम मोहरीची पूड, ओटचे पीठ किंवा अंड्याचा पांढरा बलक करी. या सगळ्याला गावठी म्हणून हसण्याचे कारण नाही. जनरल मोटर्स आपल्या काही गाड्यांच्या पाण्यात ज्या सीलबंदीच्या गोळ्या टाकत असे, त्यांत आल्याच्या कंदाची पूड होती. आणि हळद व आले ही एकाच कुळातली. १९५८ मध्ये नॉटिलस या अमेरिकी अणुपाणबुडीच्या कंडेन्सरमधली गळती सापडेना, तेव्हा साध्या वेशातल्या खलाशांनी सिॲटलच्या दुकानांतून मोटारीच्या रेडिएटरसाठी मिळणाऱ्या द्रवाचे एकेका क्वार्टचे १४० डबे विकत आणले. गळती थांबली आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला पाणबुडी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. अशा पुडीचा तोटा इतकाच की तिला छिद्र आणि नळी यांतला फरक कळत नाही. क्षारांनी आधीच अरुंद झालेल्या नळ्या ती बुजवते, आणि पुढच्या घाटात ट्रक गळतीऐवजी तुंबण्यामुळे तापतो.

कायमचा उपाय रेडिएटरवाल्याकडे. त्याच्या कामातला अवघड भाग डाग देण्याचा नसून जागा सापडण्याचा आहे. पाणी गळते तिथेच ठिबकत नाही. पंख्याचा वारा थेंब मागे उडवतो, थेंब चासीच्या कडेने ओघळतो आणि भलत्याच ठिकाणी जमिनीवर पडतो. म्हणून आधी बाहेरून पाहायचे. क्षार सुकून उठलेले पांढरट किंवा तांबे खाल्ल्याचे हिरवट ओघळ वरच्या दिशेने शोधत गेले की बहुधा उगम सापडतो. तेवढ्याने भागले नाही तर रेडिएटर उतरवून त्याची तोंडे बुचांनी बंद करतात, पाण्याच्या हौदात बुडवतात आणि बेताच्या दाबाने हवा भरतात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर सापडते तसे बुडबुड्यांवरून छिद्र सापडते. एक छिद्र सापडले म्हणून थांबायचे नसते, कारण मोठ्या छिद्राच्या बुडबुड्यांत लहान छिद्र लपते.

डाग देण्याची सामग्री या देशाला नवी नव्हती. कथील आणि नवसागर तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कल्हईसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. रेडिएटरवर फरक पडतो तो नेमकेपणाचा. पत्र्यावरचा रंग आणि क्षार कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात काढून, जागा चकचकीत होईपर्यंत खरवडावी लागते. जस्त विरघळवलेले मिठाचे आम्ल फासून, पूर्वी तापवलेल्या तांब्याच्या ठोकळ्याने आणि नंतर गॅसच्या ज्योतीने डाग वितळवतात. कथील-शिशाचे मिश्रण १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते, आणि शेजारचा सांधाही त्याच मिश्रणाचा असतो. हात जरा रेंगाळला की एक गळती बंद होते आणि दुसऱ्या दोन उघडतात. म्हणून शेजारच्या सांध्यांना ओली फडकी गुंडाळतात. नळ्यांत थर साचला असेल, तर वरची टाकी सोडवून प्रत्येक नळीतून पातळ पट्टी फिरवावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे. ते टाळून नुसता डाग दिलेला रेडिएटर फार दिवस टिकत नाही. या धंद्याची किंमत कामगारांनी आरोग्याने मोजली. बंदिस्त दुकानांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढते, हे तपासण्यांतून सिद्ध झाले आहे.

रेडिएटर, होज आणि पंप कोरडे असूनही पाणी कमी होत असेल, तर गळती इंजिनाच्या आत असते. हेड गॅस्केट जळले, हेडला चीर गेली किंवा ओल्या लायनरच्या तळाचे रबरी कडे कुजले, अशी तिची कारणे. खूण म्हणजे ताकासारखे पांढुरके झालेले इंजिन ऑइल किंवा धुराड्यातून सतत येणारी पांढरी वाफ. मिस्त्री पंख्याचा पट्टा काढतो, टाकी काठोकाठ भरतो आणि इंजिन सुरू करतो. पाण्यात लगेच बुडबुडे येऊ लागले की जळलेला वायू पाण्यात शिरतो आहे. याच तपासणीसाठी पुढे निळ्या रंगाचे एक द्रावण आले. कार्बन डायऑक्साइड मिसळताच ते पिवळे होते. ओतीव लोखंडाच्या बारीक चिरांवर सोडियम सिलिकेटचे द्रावण पाण्यात सोडतात. चिरेतून बाहेर पडताना ते उष्णतेने सुकून काचेसारखे कडक होते. हेच द्रव्य २००९ मध्ये अमेरिकी सरकारच्या जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या योजनेत इंजिने मारण्यासाठी वापरले गेले. ते ऑइलच्या जागी भरून इंजिन चालवले की बेअरिंगे आवळून कायमची बंद पडत.

१९७० च्या दशकात युरोपातल्या मोटारगाड्यांपासून ॲल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लास्टिकच्या टाकीचे रेडिएटर पसरू लागले आणि पुढे ते ट्रकवरही आले. ते हलके आणि स्वस्त. पण ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा थर बसतो, त्यावर कथलाचा साधा डाग धरत नाही. प्लास्टिकची टाकी धातूच्या कडांनी चिमटून रबरी पट्टीवर बसवलेली असते. ती तडकली की टाकी किंवा पट्टी बदलणे एवढेच हाती उरते. गळती शोधण्याची साधने याच काळात सुधारली. झाकणाच्या जागी लावायचा घड्याळासह हातपंप आला, आणि पाण्यात मिसळून अतिनील दिव्याखाली चमकणारा रंगही आला. आता जागा लवकर सापडते आणि बहुतेक वेळा पूर्ण रेडिएटर बदलला जातो. जुन्या ट्रकच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे भंगाराचा भाव. डाग देण्याची मजुरी एका बाजूला आणि तांब्याचे वजन दुसऱ्या बाजूला ठेवून मालक हिशेब करतो, आणि दुरुस्त होण्याजोगा रेडिएटरही त्या हिशेबात भंगारात जातो.