ल्युबेराँ : शेतांमधून जाणारे निवांत सायकलमार्ग

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात, काव्हायाँ आणि मानोस्क या दोन शहरांच्या दरम्यान पूर्व-पश्चिम पसरलेली एक डोंगररांग आहे. तिचे नाव ल्युबेराँ. उंची फारशी नाही. तिचे सर्वोच्च शिखर जेमतेम ११२५ मीटरचे. उत्तरेला कालाव्हाँ नदीचे खोरे, दक्षिणेला द्युराँस नदीचे. दोन्ही खोऱ्यांत द्राक्षमळे, चेरीच्या बागा, ऑलिव्हची झाडे आणि लॅव्हेंडरची शेते पसरलेली आहेत. या शेतांमधून धावणारे अरुंद डांबरी रस्ते आज सायकलस्वारांचे आवडते ठिकाण बनले आहेत. डोंगराला संपूर्ण वळसा घालणारा सुमारे २३५ किलोमीटरचा सायकलमार्ग येथे आखलेला आहे. त्यावर कित्येकदा मैलोन् मैल एकही मोटार भेटत नाही.

ही शांतता पाहून हा प्रदेश जगापासून तुटलेला असावा, असा समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. एव्हीन्याँ शहर जवळ, पॅरिसहून येणारी वेगवान रेल्वे २००१ पासून तेथवर पोहोचलेली आणि उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड. तरीही येथील आडरस्ते निवांत राहिले, कारण ते शेतीसाठी राखले गेले आणि मोठ्या रहदारीला दुसरी वाट मिळाली.

पाणंदींचे डांबरी रूप

ल्युबेराँमधील जुनी गावे डोंगरउतारावर, टेकडीच्या माथ्यावर वसलेली आहेत. मध्ययुगातील अशांततेत उंचावरची जागा सुरक्षित वाटे. शेती मात्र खाली, सपाटीवर. त्यामुळे गाव ते शेत, शेत ते वाडी आणि वाडी ते शेजारचे गाव अशा वाटांचे दाट जाळे विणले गेले. आपल्याकडच्या पाणंदींसारख्याच या वाटा. पुढे त्यांच्यावर डांबर पडले, पण रुंदी फारशी वाढली नाही. फ्रान्समध्ये राष्ट्रीय, जिल्हा आणि ग्राम अशी रस्त्यांची विभागणी आहे; ग्रामरस्त्यांची देखभाल स्थानिक नगरपालिका करते. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, टपालाची गाडी आणि शाळेची बस एवढ्यांसाठीच असलेला हा रस्ता सायकलला आयताच सोयीचा ठरतो.

खोऱ्यातील खरी वाहतूक डी-९०० या रस्त्यावरून होते. हाच पूर्वीचा राष्ट्रीय मार्ग क्रमांक १००. मालमोटारी, कामावर जाणाऱ्यांच्या गाड्या आणि पर्यटकांची घाई तेथे एकवटते. सायकलमार्ग आखणाऱ्यांनी या रस्त्याशी स्पर्धा केली नाही. नवे रस्ते बांधण्याऐवजी अस्तित्वात असलेले कमी वर्दळीचे रस्ते निवडून, जोडून त्यांवर दोन्ही दिशांना पाट्या लावल्या. मार्गाचा बहुतांश भाग असा सिद्ध झाला आहे. उत्तर बाजूला ओपेद, मेनेर्ब, लाकोस्त, बोनिय ही टेकड्यांवरील गावे आणि आप्त शहर लागते. पुढे मार्ग फोर्काल्किये आणि मानोस्ककडे जातो. दक्षिण बाजूला लोरी, लूर्मारँ, क्यूक्यूराँ ही गावे आहेत. डोंगर मधोमध ओलांडणारी एकच मोठी खिंड आहे, ती लूर्मारँजवळची. तेथील रस्ता अरुंद, वळणांचा आणि मोटारींच्या वर्दळीचा असल्याने नवख्या सायकलस्वाराने डोंगराला वळसा घालणेच श्रेयस्कर.

रूळ गेले, वाट उरली

जेथे रस्ता निवडता आला नाही, तेथे जुनी रेल्वे कामी आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काव्हायाँपासून आप्तपर्यंत कालाव्हाँच्या काठाने लोहमार्ग टाकण्यात आला. फळे, भाजीपाला आणि रूसियाँ परिसरातील गेरू या मार्गाने बाहेर जाई. गेरूचा व्यवसाय कृत्रिम रंगांपुढे मंदावला, प्रवासी आणि माल रस्त्यावर गेला आणि रेल्वे थांबली. तिच्या रिकाम्या पट्ट्यावर आज सुमारे ४० किलोमीटरचा, मोटारींना पूर्ण मज्जाव असलेला हरितमार्ग आहे. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून हा मार्ग जवळजवळ सपाट आहे. लहान मुले, ज्येष्ठ नागरिक आणि सायकलची सवय सुटलेले प्रवासी यांच्यासाठी सुरुवात करायला हीच जागा योग्य. स्पेनमधील कादिझपासून भूमध्य समुद्राच्या काठाने सायप्रसपर्यंत जाणारा युरोपचा आठव्या क्रमांकाचा दीर्घ सायकलमार्गही या खोऱ्यातून जातो.

दोन हजार वर्षांचा पूल

या मार्गालगतच, आप्तच्या पश्चिमेला सुमारे आठ किलोमीटरवर, ज्यूलियाँ पूल उभा आहे. इटलीला स्पेनशी जोडणाऱ्या रोमन महामार्गावरचा हा तीन कमानींचा दगडी पूल इसवी सनापूर्वी ३ या वर्षी बांधला गेला. पुराचे पाणी अडून दाब वाढू नये म्हणून त्याच्या खांबांत झरोके ठेवलेले आहेत. उन्हाळ्यात ओहोळासारखी दिसणारी कालाव्हाँ पावसात कशी उसळते, हे त्या बांधकामावरून कळते. आश्चर्य असे, की हा पूल २००५ पर्यंत मोटारींसाठी खुला होता. शेजारी नवा पूल झाल्यावर तो केवळ पादचारी आणि सायकलस्वारांसाठी राखण्यात आला.

रोमन रस्ता, लोहमार्ग आणि आधुनिक महामार्ग, तिघांनीही हेच खोरे निवडले. दर वेळी नव्याने जुन्याचा भार उचलला. मात्र भार उतरलेली वाट मोडीत न काढता ती हळू चालणाऱ्यांच्या हाती सोपवली, हा निर्णय माणसांचा. ल्युबेराँ परिसराला १९७७ मध्ये प्रादेशिक निसर्ग उद्यानाचा दर्जा मिळाला. फ्रान्समधील अशा उद्यानांत गावे आणि शेती उठवली जात नाही. त्यांच्यासह निसर्ग राखला जातो.

पिकांप्रमाणे बदलणारे ऋतू

येथे कधी जावे, हे पिकेच ठरवतात. एप्रिलमध्ये चेरीचा बहर, मेच्या मध्यापासून फळ. लॅव्हेंडर साधारण जूनच्या उत्तरार्धात रंग धरते आणि जुलैत कापणी सुरू होते. सखल भागात दिसणारे बहुतेक पीक लाव्हांदाँ या संकरित वाणाचे असते. अस्सल लॅव्हेंडरला अधिक उंची मानवते. ऑगस्टअखेरपासून द्राक्षांची तोडणी, नोव्हेंबरात ऑलिव्हची. काव्हायाँची खरबुजे आणि आप्तची साखरेत मुरवलेली फळे देशभर प्रसिद्ध आहेत. शनिवारी आप्तचा आठवडी बाजार भरतो.

शांततेच्या दृष्टीने मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये गोर्द, रूसियाँ यांसारख्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते, उकाडाही असह्य होतो. त्या काळात पहाटे निघून दुपारपूर्वी मुक्काम गाठावा. उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की प्रशासन जंगलवाटांवर प्रवेशबंदी करते, त्याची चौकशी आदल्या दिवशी करावी. दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे मिस्त्राल. रोन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येणारा हा कोरडा, थंड वारा सलग काही दिवस वाहतो. शेतांच्या कडेला पूर्व-पश्चिम लावलेल्या सायप्रसच्या उंच रांगा शोभेसाठी नाहीत. त्या पिकांना याच वाऱ्यापासून आडोसा देतात. त्यांच्या आडून जाताना सायकलस्वारालाही क्षणभर विसावा मिळतो.

नियम आणि सोयी

फ्रान्समध्ये सायकलला ओलांडताना मोटारचालकाने वस्तीत किमान एक मीटर आणि वस्तीबाहेर दीड मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. बारा वर्षांखालील मुलांना २०१७ पासून हेल्मेटची सक्ती आहे. वस्तीबाहेर रात्री किंवा अंधूक प्रकाशात चमकणारे जाकीट घालावे लागते. काव्हायाँला एव्हीन्याँहून रेल्वेने जाता येते. सायकली, त्यांत विजेवर चालणाऱ्याही, भाड्याने मिळतात. सायकलस्वारांना सामावून घेणारी निवासस्थाने विशिष्ट फलकावरून ओळखता येतात. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा आवश्यक आहे.

शांतता कोणाच्या जिवावर?

पीटर मेल या ब्रिटिश लेखकाचे मेनेर्बमधील वास्तव्यावरचे पुस्तक १९८९ मध्ये प्रकाशित झाले आणि ल्युबेराँचे नाव जगभर पोहोचले. जुनी शेतघरे सुट्टीच्या घरांत रूपांतरित झाली. दुसरीकडे, वाइनचा खप घटल्याने फ्रान्स सरकारने २०२४ मध्ये द्राक्षवेली कायमच्या उपटणाऱ्या शेतकऱ्यांना हेक्टरी चार हजार युरोंचे साह्य देण्याची योजना आखली. ही योजना देशव्यापी असली, तरी द्राक्षावर जगणाऱ्या प्रत्येक खोऱ्याला तिचा अर्थ कळतो. मळा गेला, तर त्याच्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे प्रयोजनही बदलते. ट्रॅक्टरच्या जागी पर्यटकांच्या मोटारी आल्या, तर पाट्या त्याच राहतील, शांतता मात्र राहणार नाही.

म्हणूनच येथे येणाऱ्या सायकलस्वाराकडून स्थानिकांच्या अपेक्षा साध्या आहेत : ट्रॅक्टरला वाट द्यावी, झाडावरची चेरी तोडू नये, लॅव्हेंडरच्या सऱ्यांत छायाचित्रासाठी शिरू नये आणि खरेदी शक्यतो शेतकऱ्याकडून करावी. हे रस्ते सायकलस्वारांसाठी बांधलेले नाहीत. ते शेतकऱ्यांचे आहेत, आणि जोवर शेती पिकते आहे, तोवरच त्यांचा हा निवांतपणा टिकणार आहे.